कोकण किनाऱ्यावर मुक्काम: तंबू की गाडी?

दांडिया बाजारातला माझा मावसभाऊ दिवाळीनंतर बडोद्याहून गाडी काढून कोकण किनाऱ्याने खाली जाणार आहे. तंबू घ्यावा की मागची सीट पाडून गाडीतच झोपावं, हे त्याचं ठरत नाहीये.

खर्चात गाडी सरळ जिंकते. पातळ गादी आणि खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी, बस्स.

खरा प्रश्न उकाड्याचा. काचा बंद केल्या की आत घाम, उघड्या ठेवल्या की डास. इंजिन चालू ठेवून एसीत झोपणं तर साफ नको. कार्बन मोनॉक्साइड आत साचून जीव जाऊ शकतो. दोन्ही बाजूंना जाळी असलेल्या तंबूत वारा आरपार खेळतो.

मेहनत मात्र तंबूला जास्त. कोरड्या वाळूत खुंट्या धरत नाहीत. पिशवीत वाळू भरून, तिला दोरी बांधून हातभर खोल पुरावी लागते. किनाऱ्यावर काटक्या-कचऱ्याचा जो पट्टा दिसतो ती भरतीची रेषा. तंबू तिच्या बराच वर हवा, कारण अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणखी पुढे येतं. माडाखाली तर नकोच, नारळ पडतात. वेळासला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. तिथे वाळूवर तंबू आणि दिवे दोन्ही टाळून गावातल्या घरीच उतरावं.

टिकण्याचं म्हणाल तर खाऱ्या हवेने तंबूची झिप अडकते. गोड्या पाण्याने धुवायची.

रोज नवं गाव आणि अंधार पडल्यावर पोचणं असेल, तर गाडी बरी. एकाच जागी दोन-तीन रात्री, बरोबर मुलं असतील, तर जागामालकाला विचारून तंबूच लावावा.