गिफ्ट व्हाउचर: दिवाळी ते पावसाळा वापरून आलेला अनुभव

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. कुणी तुम्हाला ऑनलाइन दुकानाचं गिफ्ट व्हाउचर देत असेल आणि त्याऐवजी रोख मागायची सोय असेल, तर रोख मागा. चार पैसे कमी मिळाले तरी चालतील. दुकान आपले पैसे आधी घेतं आणि ते कशावर, कधी, किती खर्चायचे याच्या अटी नंतर एकेक करून पुढे आणतं. माझी सगळी तक्रार या एका गोष्टीची आहे.

मी सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात हिशेब बघते. पूर्वी दिवाळीला बोनस वेगळा आणि वर मिठाईचा पुडा, एक पाकीट असं मिळायचं. गेल्या दिवाळीला पाकिटाऐवजी सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज आला. त्यात एका ऑनलाइन दुकानाच्या गिफ्ट व्हाउचरचे हजार-हजार रुपयांचे पाच कोड होते. मालकांनी असं का केलं ते मला कळतं. त्या वेळच्या आयकर नियमानुसार नोकराला वर्षभरात दिलेली भेटवस्तू किंवा व्हाउचर ५,००० रुपयांच्या आत असेल तर ते करात धरत नव्हते, पण तेवढेच पैसे रोख दिले की तो पगार ठरायचा. शिवाय बिल एकच आणि वाटायची दगदग नाही. मालकांचा हेतू चांगलाच होता. प्रश्न पुढचा आहे.

दुकानाचं नाव लिहीत नाही. नात्यात आणि ओळखीत वेगवेगळ्या दुकानांची व्हाउचर वापरलेल्यांशी बोलले, अटी थोड्याफार फरकाने सारख्याच निघाल्या.

सुरुवात चांगली झाली, तेही सांगायला हवं. मुलाला स्पर्धा परीक्षेची पुस्तकं हवी होती. कोड टाकला, क्षणात रक्कम वजा झाली, तीन-चार दिवसांत पुस्तकं घरी. कोडात उरलेले पैसे पुढच्या खरेदीला तसेच शिल्लक दिसले. दुकान स्वतः विकतं अशी साधी वस्तू, किंमत कोडाच्या आसपास, दुसरी कुठलीही सवलत नको आणि वस्तू परत करायची वेळ येणार नाही, एवढं जुळलं तर व्हाउचर झकास चालतं. अडचण अशी की घरातल्या गरजा असं सगळं जुळवून येत नाहीत.

होळी झाली की सोलापुरात कूलरची चर्चा सुरू होते. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि आमची वरच्या मजल्यावरची खोली दुपारी भट्टी होते. मनासारखा कूलर ६,४९० रुपयांना दिसला. त्याच आठवड्यात माझ्या बँकेच्या कार्डावर ५,००० रुपयांच्या पुढे १० टक्के सूट होती. हिशेब सरळ वाटला. चार कोड शिल्लक होते, ते लावायचे, उरलेले पैसे कार्डाने भरायचे, वर सूट. पहिला कोड लागला, दुसरा लागला. तिसऱ्याला लाल अक्षरात ओळ आली की एका ऑर्डरला दोनच कोड चालतील. हे मेसेजमध्ये नव्हतं आणि वस्तूच्या पानावरही नव्हतं. पैसे भरायच्या शेवटच्या पायरीवर पहिल्यांदा कळलं.

बरं, दोन तर दोन. पण दोन कोड लावल्यावर कार्डाने भरायचे राहिले ४,४९०, म्हणजे पाच हजारांच्या खाली, आणि बँकेची सूट गुपचूप गायब झाली. ‘सूट गेली’ असं कुठे लिहून आलं नाही. एकूण रकमेवर नजर होती म्हणून लक्षात आलं. कोड काढले की ६४९ रुपयांची सूट परत येते, कोड लावले की जाते. म्हणजे माझ्या २,००० रुपयांच्या व्हाउचरची त्या खरेदीतली खरी किंमत १,३५१ रुपये. शेवटी कोड बाजूला ठेवले आणि कूलर कार्डाने ५,८४१ ला घेतला. व्हाउचर हातात असून मोठी खरेदी खिशातूनच झाली.

मग ठरवलं की कोड छोट्या-छोट्या गोष्टींत संपवू. मोबाइल रिचार्ज? चालत नाही. किराणा? त्या विभागात चालत नाही. सोन्या-चांदीचं नाणं? नाही. दुसऱ्याला भेट द्यायला दुसरं व्हाउचर? तेही नाही. या शेवटच्या दोन बंदींमागचं कारण मला पटतं. चोरलेल्या कोडातून सोनं किंवा नवीन कोड घेतले की माग लागत नाही. पण किराण्यावर बंदी का, याचं उत्तर कुणी दिलं नाही. ‘निवडक विक्रेत्यांच्या’ वस्तूंनाही कोड चालत नाही आणि ते विक्रेते कोणते ते शेवटच्या पायरीवरच कळतं. एकाच रंगाची, एकाच कंपनीची बादली. एका विक्रेत्याकडे कोड लागतो, दुसऱ्याकडे नाही. आपण आधी पसंत करायचं, पिशवीत टाकायचं, पत्ता भरायचा आणि मग नकार ऐकायचा.

माझं तरी ठीक आहे, मला कॉम्प्युटर येतो. आमच्या शिलाई विभागातल्या बायकांचं काय झालं ते बघून जास्त वाईट वाटलं. बऱ्याच जणी शहराच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या. मोबाइल आहे, पण ऑनलाइन दुकानात स्वतःचं खातं नाही. त्यातल्या एका अक्कांनी शेजारच्या मुलाला मेसेज दाखवला. त्याने चांगल्या मनाने पाचही कोड आपल्या खात्यात टाकले. ‘अक्का, तुम्ही सांगा, मी मागवतो की.’ नंतर गावाहून त्यांचा भाऊ आला, त्याने अक्कांच्या नावाने खातं काढून दिलं, तेव्हा कळलं की एकदा एका खात्यात गेलेला कोड दुसऱ्या खात्यात जातच नाही. आम्ही दुपारच्या सुट्टीत ऑफिसातून स्पीकरवर फोन लावला. पलीकडची मुलगी मायेने बोलत होती, पण तिच्यापुढच्या स्क्रीनवर एकच उत्तर होतं: कोड वापरला गेला आहे. वापरला नाही हो, नुसता खात्यात टाकलाय, असं सांगितलं. नियमात दोन्ही एकच.

अक्कांना मुलीसाठी साडी घ्यायची होती. जी आवडली ती ‘निवडक’ विक्रेत्याची निघाली. शेवटी स्टीलचे डबे आले, तेही शेजाऱ्याच्या मुलाच्या नावावर, ओटीपी त्याच्या मोबाइलवर, तो कॉलेजातून येईपर्यंत पार्सलवाला थांबेना. दिवसभर मशीनवर बसून मिळवलेली भेट घ्यायला या बाईंना दुसऱ्याच्या वेळेची वाट बघावी लागली, याचा मला मनापासून राग आहे. अटी मराठीत असत्या, तेलुगूत असत्या, कोड टाकायच्या आधी एक ओळ आली असती की ‘हे नंतर बदलता येणार नाही’, तर हे टळलं असतं.

नणंदेकडे कपड्यांच्या एका दुकानाचं २,००० रुपयांचं व्हाउचर होतं. तिथे वेगळीच तऱ्हा. एकदाच वापरायचं, उरलेली रक्कम बुडाली. तिचा ड्रेस १,७४० रुपयांचा. २६० रुपये सोडून द्यायचे नाहीत म्हणून तिने ४९९ ची ओढणी टाकली आणि २३९ रुपये पदरचे भरले. ओढणीची गरज नव्हती.

याउलट आमच्या चाटी गल्लीत ज्या दुकानातून आम्ही वर्षानुवर्षं कापड घेतो, तिथे माल परत केला तर रोख मिळत नाही, जमेची चिठ्ठी मिळते. पण ती चिठ्ठी घेऊन मी जाऊ दे, सासूबाई जाऊ देत, नाहीतर मुलगा. दुकानातलं काहीही घेता येतं आणि उरलेले पैसे त्याच चिठ्ठीवर मागे लिहून मिळतात. बंधन तिथेही आहेच, पण ते गल्ल्यावर उभं असताना तोंडावर सांगितलेलं असतं.

खरा मनस्ताप झाला तो कुकरच्या वेळी. दोन कोड लावून १,८५० रुपयांचा कुकर मागवला. झाकण नीट बसेना, म्हणून परत पाठवला. तो लगेच नेला, त्याबद्दल तक्रार नाही. कार्डाने घेतलेल्या वस्तूचे पैसे याआधी आठवड्यात परत आले होते, कोडाचे मात्र कितीतरी दिवस ‘प्रक्रियेत’ दिसत राहिले. मग नवीन कोड आला, पण मुदत जुनीच. आणि ती जुनी मुदत ऑगस्टमध्ये संपत होती. आम्हाला कोड मिळाले दिवाळीला, वर्षाची मुदत असल्याचं सांगितलं होतं. पण वर्ष मोजलं होतं कारखान्यासाठी कोड तयार झाले त्या तारखेपासून, आणि ते आदल्या ऑगस्टमध्येच घेऊन ठेवलेले. आमच्या हातात येईपर्यंत दोन-अडीच महिने आधीच सरलेले.

इथपासून मी नियम वाचायला घेतले. जे समजलं ते सांगते, कारण भांडताना त्याचाच उपयोग झाला. रिझर्व्ह बँकेची २७ ऑगस्ट २०२१ ची प्रीपेड साधनांबद्दलची, म्हणजे आधी पैसे भरून नंतर वापरायच्या कार्डं-व्हाउचरांबद्दलची, नियमावली आहे. तिच्याखाली येणारं गिफ्ट कार्ड १०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं नसतं, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि रोख काढता येत नाही. शिल्लक रकमेवर व्याजही नाही. पण ग्राहकाच्या बाजूच्या गोष्टीही आहेत: पैसे भरल्यापासून किमान एक वर्ष मुदत, मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत सूचना, आणि धारकाने मागितलं तर गिफ्ट कार्डाची मुदत वाढवून द्यायची. कार्ड देणारी संस्था बँक नसेल तर ग्राहकांची शिल्लक बँकेतल्या एस्क्रो खात्यात, म्हणजे संस्थेला स्वतःसाठी वापरता येत नाही अशा खात्यात, वेगळी ठेवावी लागते.

मेख इथे आहे. एखादं दुकान फक्त स्वतःचाच माल घेण्यासाठी स्वतःचं व्हाउचर काढत असेल, तर त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही आणि तिची देखरेखही नसते. दिसायला दोन्ही कार्डं सारखीच, सोनेरी रिबनचं चित्र दोन्हींवर. म्हणून व्हाउचर हातात आलं की रकमेआधी ‘कोणी जारी केलं’ ती बारीक अक्षरातली ओळ शोधा. आमच्या कोडाच्या मेसेजमधली लिंक उघडून अगदी तळाशी गेल्यावर जारी करणाऱ्या वेगळ्या कंपनीचं नाव सापडलं, म्हणजे आमचे कोड नियमावलीखालचे होते. तोपर्यंत कस्टमर केअरवाले मला ‘मुदत वाढत नाही, धोरण आहे’ एवढंच सांगत होते.

मग तक्रार लेखी केली. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे दुकानाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा असतो. अधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता दुकानाला संकेतस्थळावर द्यावाच लागतो. चॅटवर चाललेलं संभाषण या अधिकाऱ्यापर्यंत पोचेलच असं नाही, त्यामुळे त्याच पत्त्यावर ईमेल करा. मी कोडाचा मेसेज, कुकर परत नेल्याची पावती, ‘प्रक्रियेत’ची स्क्रीन आणि नियमावलीतलं मुदतवाढीचं वाक्य, सगळं एका ईमेलमध्ये जोडलं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावरही नोंद केली, तिथे मराठीत बोलता येतं. त्यानंतर दुकानाचा सूर बदलला. ‘अपवाद म्हणून’ नवीन मुदत मिळाली. अपवाद कसला, नियमच होता, पण मिळाली.

दुकानवाले अडून बसले असते तर पुढची वाटही बघून ठेवली होती. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, म्हणजे सोलापूरच्या माणसाला दुकानाच्या मुख्यालयाच्या गावी जावं लागत नाही. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही. दीड-दोन हजारांसाठी कोण एवढं करणार, असं ऑफिसात सगळे म्हणाले. पण लोक कंटाळून सोडून देतात तेव्हा ती रक्कम दुकानाकडे किंवा कार्ड काढणाऱ्याकडेच राहते. या धंद्यात न वापरल्या गेलेल्या रकमेला ‘ब्रेकेज’ असं नावच आहे. आमच्या कारखान्यात किती जणींचे कोड तसेच पडून मुदतबाह्य झाले ते बघितल्यावर मला तरी गप्प बसवेना.

पाचपैकी गुण द्यायचे तर दीड. पुस्तकांसाठी एक आणि शेवटी मुदत वाढवून दिली त्याचा अर्धा. किराणा, रिचार्ज आणि सगळे विक्रेते खुले केले, कोडांची मर्यादा काढली आणि अटी कोड टाकायच्या आधी मराठीत दाखवल्या, तर चार द्यायला माझी हरकत नाही. सोनं आणि दुसरं व्हाउचर बंद ठेवलं तरी चालेल.

येत्या दिवाळीसाठी आम्ही मालकांना अर्ज दिलाय. शिलाई, पॅकिंग, ऑफिस, सगळ्यांच्या सह्या आहेत, अक्कांची पहिली. त्यात लिहिलंय की पाकीट द्यावं, कर बसला तरी चालेल. ते जमत नसेल तर गावातल्या दुकानाची, कुणालाही वापरता येईल अशी चिठ्ठी द्यावी. आणि व्हाउचरच द्यायचं झालं तर ते दिवाळीच्या आठवड्यातच घ्यावं, म्हणजे वर्षाची मुदत पूर्ण वर्षभर मिळेल. मालकांनी अर्ज ठेवून घेतलाय. दसऱ्याच्या आत सांगतो म्हणालेत.