पैठणच्या गावठाणातली संध्याकाळची वाडेफेरी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

घडीचा कागदी नकाशा, फोनमध्ये उतरवून घ्यायचे ११ ऑडिओ आणि ऑनलाइन नकाशावरच्या ११ पिना, एवढ्या सामानावर पैठणच्या जुन्या गावात संध्याकाळी आपलं आपण फिरायचं, अशी ही फेरी आहे. सोबत वाटाड्या नाही. अंतर सव्वादोन किलोमीटरच्या आसपास, थांबत गेलं तर पावणेदोन ते दोन तास. गेल्या आषाढापासून फाल्गुनापर्यंत १४ फेऱ्या झाल्या: भर पावसात, थंडीत, वीज गेलेली असताना आणि एकदा नाथषष्ठीच्या, म्हणजे संत एकनाथांच्या पुण्यतिथीच्या यात्रेच्या तोंडावर. गल्ल्यांची निवड फार चांगली आहे. वेळ आणि थांब्यांचा क्रम मात्र कागदावर आहे तसा पाळू नका, आणि पिनांवर तर अजिबात विसंबू नका.

आधी वेळेचं. कागदावर बाराही महिन्यांसाठी 'सायंकाळी ६ वाजता सुरुवात' छापलंय. पैठणला नोव्हेंबरअखेर सूर्य पावणेसहाच्या सुमाराला मावळतो, जानेवारीच्या मध्यात सहा-दहाला, मार्चच्या मध्यात साडेसहानंतर आणि जूनअखेर सात-दहाला. त्यानंतरचा संधिप्रकाश जेमतेम २०-२५ मिनिटांचा. म्हणजे मार्गशीर्षात सहाला निघालेला माणूस सगळे वाडे अंधारातच बघणार. घड्याळाची वेळ सोडा आणि सूर्यास्ताच्या ५० मिनिटं आधी पहिल्या थांब्यावर उभे राहा. हा हिशेब बाराही महिने जमतो.

५० मिनिटंच का, तर गावठाणातल्या गल्ल्या अरुंद आहेत. उतरतं ऊन जमिनीपर्यंत पोचतच नाही, ते वरच्या मजल्यावर अडतं, आणि तेही पश्चिमेकडे तोंड असलेल्या घरांवरच. सज्ज्याखालचे लाकडी हात, त्यांना लोंबणारी लाकडात कोरलेली केळफुलं, खिडक्यांच्या महिरपी हे सगळं त्या २०-२५ मिनिटांच्या उन्हात जसं उठून दिसतं तसं पुन्हा दिसत नाही. पूर्वाभिमुख दरवाजे त्या वेळी सावलीतच असतात, ते नंतर बॅटरीच्या उजेडात बघितले तरी काही बिघडत नाही. कागदी नकाशावर तोंड पश्चिमेला असलेल्या वाड्यांसमोर पेन्सिलीने फुली मारून ठेवा आणि ते आधी उरका.

क्रमही उलटा करा. कागदावरची फेरी गावात सुरू होऊन सूर्यास्ताच्या फोटोसाठी गोदावरीकाठच्या नागघाटावर संपते. अंधार पडताना ओल्या दगडी पायऱ्या उतरायच्या, हे चुकीचं आहे; शेवाळावर चप्पल हमखास सटकते. ज्ञानेश्वरांनी रेड्यामुखी वेद वदवले ते हेच ठिकाण असं परंपरा मानते, तेव्हा तिथे थांबायचं तर नीट उजेडात थांबावं. घाटाला पहिली १५ मिनिटं द्या, मग चढाने गावात शिरा आणि शेवट नाथवाड्यात, म्हणजे एकनाथांच्या घरी, करा. पावसाळ्यात जायकवाडीतून पाणी सोडायचं असेल तर घाट यादीतून काढूनच टाका. धरण गावाला अगदी लागून वरच्या अंगाला आहे, २७ दरवाजे आहेत, आणि २००६ च्या पुरात गावाच्या सखल भागात पाणी शिरलं होतं. भोंगा वाजला की वर यायचं, फोटो राहिला तर राहू द्या.

आता वाड्यांचं. पहिला ऑडिओ सातवाहनांवर पाच मिनिटं बोलतो. प्रतिष्ठान, म्हणजे हेच पैठण, ही सातवाहनांची राजधानी होती हे पैठणच्या पोरासोरांनाही ठाऊक आहे, पण समोर उभ्या असलेल्या एकाही घराचा त्या काळाशी संबंध नाही. ते सगळं पायाखालच्या पांढरीत, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या थरांत, गाडलेलं आहे. गल्ल्यांना चढ-उतार आहेत ते त्यामुळेच, आणि एकाच वाड्याच्या जोत्याला एका टोकाला दोन आणि दुसऱ्या टोकाला सहा पायऱ्या दिसतात त्याही त्यामुळेच. लाकडी वाडे पाहायचे तर पेशवाईतलं आणि हैदराबादच्या निजामाच्या काळातलं सावकारांचं, पैठणीच्या व्यापाऱ्यांचं आणि तीर्थोपाध्यायांचं पैठण डोळ्यांसमोर आणावं लागतं. नानासाहेब पेशव्यांनी पानिपतच्या लढाईआधी जेमतेम काही आठवडे, डिसेंबर १७६० मध्ये, जे दुसरं लग्न केलं, ती राधाबाई पैठणच्या वाखरे सावकारांची मुलगी. इथल्या सावकारीचं वजन किती होतं ते एवढ्यावरून कळतं. ऑडिओत याचा उल्लेखही नाही. ही मोठी उणीव आहे.

आत जायला मिळो न मिळो, वाडा बाहेरूनही वाचता येतो. खालून वर बघत जावं. जोतं काळ्या पाषाणाचं. घडीव, सांधे न दिसणारे दगड किती थरांपर्यंत आहेत ते मोजा. बऱ्याच ठिकाणी घडीव दगड फक्त दर्शनी बाजूला असतो आणि कोपरा वळला की ओबडधोबड चिरा लागतो. पैसा कुठे दाखवायचा आणि कुठे वाचवायचा हे घरमालकाने ठरवलेलं असायचं. मग दरवाजा: मोठ्या दाराच्या एका फळीत वाकून शिरण्याची दिंडी, वर गणपती कोरलेली गणेशपट्टी, आतल्या बाजूला भिंतीत सरकणारा अडसर. चौकटीच्या दोन्ही बाजूंना भिंतीत चौकोनी भोकं दिसली तर अडसर कधी तरी काढून विकला गेलाय असं समजा. दाराच्या आत ढाळज. उजव्या-डाव्या हाताला उंचवटे, आल्यागेल्याने टेकायची जागा. दार उघडं असेल तर रस्त्यावरून इथपर्यंत सहज दिसतं, आणि त्यापुढे चौकातले खांब. वाड्याचं माप खणांवर. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, साधारण ५ ते ६ फूट. दर्शनी बाजूचे खण मोजले की आतल्या चौकाचा अंदाज येतो. खांब लाकडी असला तरी खाली तळखडा, म्हणजे बैठकीचा दगड, असतोच, नाहीतर जमिनीची ओल चढून बुंधा कुजतो. नंतर फरशी वर उचलून ज्यांनी तळखडा सिमेंटमध्ये बुजवला, त्यांचे खांब तिथेच काळे पडून भुसभुशीत झालेले दिसतील.

या फेरीत सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट म्हणजे माळवद, वाड्याचं मातीचं सपाट छप्पर, आणि ऑडिओत तिच्यावर एकच वाक्य आहे. तुळयांवर सर (आडवी बारीक लाकडं), सरांवर फळ्या किंवा किलच्या (लाकडाच्या चिपा), त्यावर पाला, मग चिखलाचा थर आणि सर्वांत वर पांढरी माती. एकूण जाडी पाऊण ते एक फूट. गावाभोवती सगळी काळी जमीन असताना छपरावर पांढरीच का? काळी माती वाळली की भेगाळते, आणि मृगाचा पहिला पाऊस त्या भेगांतून थेट माजघरात उतरतो. पांढरी तशी फाटत नाही, पाणी पडलं की दबून बसते. म्हणूनच दर उन्हाळ्यात माळवदावर नवी पांढरी टाकायची, चोपायची, पन्हाळी मोकळ्या करायच्या, हे काम चुकवून चालत नाही. घरातली माणसं पुण्या-मुंबईला गेली आणि दोन-तीन वर्षं हे काम राहिलं की पाणी आधी तुळईच्या भिंतीतल्या टोकाशी मुरतं. तुळई मध्ये नाही, टोकाला कुजते, बाहेरून काही कळत नाही, आणि एका पावसाळ्यात सगळा खण खाली येतो. काहींनी माळवदावर पत्रे टाकलेत; देखणे नाहीत, पण वाडा त्यांनीच वाचवलाय, त्यांना नावं ठेवू नयेत. मातीच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा करणं मात्र घातक आहे, कारण आतली ओल बाहेर यायला वाटच उरत नाही.

म्हणूनच श्रावण-भाद्रपदात एक सावधगिरी कडक पाळा. भिंतीला पोट सुटलेलं दिसलं, किंवा उभी भेग खाली बारीक आणि वर रुंद होत गेलेली दिसली, तर त्या बाजूने जाऊ नका, ओट्यावर टेकू नका. भिंत पाऊस चालू असतानाच पडते असं नाही. उघडीप मिळून ऊन पडल्यावर, भिजलेली माती सुटू लागली की पडते. सातवा थांबा असा आहे. तिथे आम्ही पावसाळाभर समोरच्या बाजूनेच गेलो आणि पुढच्यांनाही तेच सांगतो. कुलूपबंद वाड्याच्या फटीतून आत शिरण्याचा विचारही करू नका. तिथे वटवाघळं, विंचू आणि पोकळ झालेली जमीन असते. जुन्या वाड्यांत धान्याची पेवं, म्हणजे जमिनीखालची कोठारं, असतात आणि त्यांची झाकणं कुजलेली असू शकतात.

पिनांचा दोष नकाशा करणाऱ्यांचा कमी आणि गल्ल्यांचा जास्त आहे. दोन्ही बाजूंना उंच भिंती असल्या की फोनला उपग्रह नीट सापडत नाही आणि निळा ठिपका १५-२० मीटर सरकतो. अरुंद गल्लीत २० मीटर म्हणजे पलीकडच्या गल्लीतला भलताच वाडा. तिसरा आणि आठवा थांबा आमच्या प्रत्येक फेरीत चुकीच्या दारासमोर आला. कागदी नकाशावर पार, देऊळ, आड, पिठाची गिरणी अशा खुणा आहेत, त्या अचूक आहेत. चालायचं कागदावर, फोन फक्त ऐकायला. ऑडिओ घरूनच उतरवून न्या आणि एकाच कानात लावा. मागून दुचाकी येते तेव्हा दुसरा कान मोकळा पाहिजे. ऑडिओ चार-पाच मिनिटांचे आहेत, उभ्याने दीड मिनिटाच्या पुढे लक्ष राहत नाही. पहिला, पाचवा आणि दहावा घरीच ऐकून टाका.

बॅटरी छोटी घ्या, पिवळसर उजेडाची, १५०-२०० ल्युमेनची. डोक्याला बांधायची नको, मान वळली की उजेड लोकांच्या माजघरात जातो. कोरीवकामावर समोरून झोत मारला की सगळं सपाट दिसतं. बॅटरी चौकटीला जवळपास टेकवून तिरपी धरली की उथळ वेलबुट्टीही सावली टाकते आणि झिजलेली गणेशपट्टी लगेच ओळखू येते. एवढी एक गोष्ट कळली तरी अंधारातल्या शेवटच्या तीन थांब्यांचं सोनं होतं.

ही राहती घरं आहेत. दिवेलागणीला अंगणात तुळशीपुढे दिवा लागत असतो. त्या वेळी दारात उभं राहून फोन वर करू नये. कुणी तरी "काय बघायलात?" असं विचारणारच. "तुमच्या दाराचं लाकूड बघतोय, काका, फार जुनं दिसतंय," एवढं खरं सांगितलं की बहुतेक वेळा आत बोलावणं येतं. चपला ढाळजेत काढायच्या, देवघराकडे आपणहून जायचं नाही, आणि वाडा विकायचाय का, किंमत किती, हे विषय काढायचे नाहीत. वाडे पडण्याआधी बघायला येणारे दलाल लोकांच्या चांगल्या ओळखीचे आहेत. फिरताना एका वेळी चारच्या वर माणसं नकोत. पायाखाली खापराचे तुकडे, मणी दिसले तर तिथेच राहू द्या.

पैठणीचे माग पाहायचे असतील तर दिवसा वेगळे जा, या फेरीत ते कोंबू नका. कोरीव तीर्थखांबही दिवसाउजेडीच पाहण्यासारखा आहे.

शेवट नाथवाड्यात. एकनाथांचं (१५३३-१५९९) राहतं घर, आता गावातलं नाथमंदिर; समाधी मंदिर वेगळं, नदीकाठी आहे, आणि नवखे लोक रिक्षावाल्याला नुसतं 'नाथमंदिर' सांगून तिकडे जातात. 'गावातलं' हा शब्द विसरू नका. बाकीचे दहा थांबे पाहून इथे आलं की ओसरी, चौक, माजघर ही घराची मांडणी देवळातही ओळखता येते. आधी इथे आलं तर फक्त देऊळ दिसतं. आत विजयी पांडुरंगाची मूर्ती आहे आणि श्रीखंड्याने, म्हणजे नाथांघरी गड्याच्या रूपात राबलेल्या श्रीकृष्णाने, पाणी भरल्याचा रांजण. तुकाराम बीजेपासून भाविक तो कावडी-घागरींनी भरू लागतात आणि नाथषष्ठीला तो ओसंडतो, तेव्हा साक्षात देवाची घागर पडली असं मानतात. फाल्गुन वद्य षष्ठी ते अष्टमीच्या काल्यापर्यंत गावात दिंड्यांची एवढी गर्दी असते की या गल्ल्यांतून थांबत चालणं अशक्य होतं. रांजण भरताना पाहायचा असेल तर बीज ते चतुर्थीतली एखादी संध्याकाळ निवडा, फेरी सहाव्या थांब्यापासून सुरू करा, आणि छत्रपती संभाजीनगरकडे परतीची शेवटची एसटी कितीची ते उतरल्याबरोबर स्थानकावर विचारून ठेवा.