ओळंब्यातल्या रेषा आणि शनिवारची दुपार : घाईच्या कामात लाइटरूम क्लासिक

इमारतींची छायाचित्रे काढून देण्याचा व्यवसाय नाशिकमध्ये दसरा, पाडवा आणि अक्षय्य तृतीया या तीन मुहूर्तांभोवती फिरतो. एरवी निवांत असलेले बांधकाम व्यावसायिक मुहूर्ताच्या आठ दिवस आधी जागे होतात, भिंतींचा रंग पुरता वाळण्याआधी छायाचित्रे हवी असतात आणि ती जाहिरातवाल्यांकडे पोहोचण्याची वेळ आपल्याला विचारण्याआधीच ठरून गेलेली असते. गेल्या दसऱ्याच्या तोंडावर पाथर्डी फाट्याजवळच्या एका निवासी इमारतीचे आणि तिच्यातल्या सॅम्पल फ्लॅटचे काम मला असेच मिळाले : गुरुवारी दुपारपासून अंधार पडेपर्यंत चित्रण आणि शनिवारी दुपारी बारापर्यंत ४२ तयार छायाचित्रे. अशा कामांसाठी मी अ‍ॅडोबीचे लाइटरूम क्लासिक (छायाचित्रे लावून ठेवण्याचे आणि एकत्र सुधारण्याचे सॉफ्टवेअर) आणि गरजेपुरते फोटोशॉप वापरतो. या सॉफ्टवेअरची परीक्षणे बहुधा एखाद्या देखण्या छायाचित्रावर प्रयोग करून लिहिलेली असतात. माझ्या लेखी त्याची पारख शुक्रवारी रात्री दोन वाजता, संचातल्या एकोणचाळिसाव्या छायाचित्रावर होते, कारण पहिल्या छायाचित्रावर तासभर घालवण्याची मुभा कोणालाही असते.

खरेदीपूर्वी एक खुलासा आवश्यक आहे. लाइटरूम २००७ मध्ये बाजारात आले आणि २०१७ मध्ये त्याच्या मूळ, संगणकावरच सारा साठा ठेवणाऱ्या आवृत्तीला ‘क्लासिक’ हे नाव मिळाले. नुसते ‘लाइटरूम’ या नावाने जे मिळते ते क्लाउडवर बेतलेले वेगळे सॉफ्टवेअर आहे. एकरकमी पैसे भरून कायमचे विकत घेता येईल अशी शेवटची आवृत्ती २०१५ ची सहावी होती. आता वर्गणीला पर्याय नाही, आणि वर्षाला चार-दोनच कामे करणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा.

सॅम्पल फ्लॅटच्या दिवाणखान्यातून पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो आणि तो खिडकीतून स्वच्छ दिसलाच पाहिजे, अशी व्यावसायिकांची अट होती. आतल्या प्रकाशाला कॅमेरा जुळवला की डोंगर पांढरा होऊन नाहीसा होतो आणि डोंगराला जुळवला की सोफा काळोखात जातो. म्हणून प्रत्येक चौकटीची दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा) अंतराने तीन एक्स्पोजर घ्यावी लागतात, म्हणजे ४२ छायाचित्रांमागे किमान १२६ फाइली. लाइटरूम क्लासिक या फाइली चित्रणाच्या वेळेनुसार आपोआप गठ्ठ्यांत लावते आणि सगळे गठ्ठे निवडून एकच आज्ञा दिली की एकामागून एक एचडीआर जोडणी (कमी-अधिक उजेडाच्या फाइलींचे मिळून एक चित्र) करत राहते. मी शुक्रवारी पहाटे ती आज्ञा देऊन झोपलो आणि उठलो तेव्हा जोडलेल्या फाइली तयार होत्या. जोडणीतून निघणारी फाइल डीएनजी स्वरूपातली, रॉ फाइलसारखीच (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलसारखीच) लवचिक असते आणि तिच्यात एक्स्पोजरचा स्लायडर नेहमीच्या अधिक-उणे पाचऐवजी अधिक-उणे दहापर्यंत सरकतो. फिरता पंखा किंवा हलणारा पडदा यांच्यासाठी ‘डीघोस्ट’ची (हललेल्या वस्तूची दुहेरी छटा घालवण्याची) सोय आहे, परंतु ती तीव्र ठेवली की त्या भागात नॉइज, म्हणजे रवाळपणा, दिसू लागतो. चित्रणाआधी पंखा बंद करणे हा उपाय अधिक स्वस्त आहे.

आता रेषांविषयी, कारण वास्तूच्या छायाचित्रात पहिली चूक तिथेच दिसते. गवंडी भिंत ओळंब्यात आणण्यासाठी दिवसभर झटतो आणि छायाचित्रकार कॅमेरा थोडा वर कलवून तीच भिंत एका क्षणात तिरकी करून टाकतो. टिल्ट-शिफ्ट भिंग (कॅमेरा न कलवता वर-खाली सरकवता येणारे) असेल तर हा दोष चित्रणातच टळतो, पण त्या भिंगाची किंमत पाहता बहुतेक जण दुरुस्ती संगणकावर करतात. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत आलेली ‘अपराइट’ ही सोय रेषा स्वतः ओळखते. २०१६ मध्ये तिच्यात ‘गायडेड’ हा प्रकार आला आणि माझ्या दृष्टीने वर्गणीचे निम्मे मोल तिथेच वसूल होते. दाराची चौकट, खांबाची कड, सज्जाची आडवी कड अशा खात्रीच्या जागी आपण किमान दोन आणि जास्तीत जास्त चार रेषा आखायच्या, की चित्र त्या रेषांनुसार सरळ होते. त्याआधी भिंगाचा प्रोफाइल (त्या भिंगाने आणलेला वाकडेपणा काढणारी दुरुस्ती) लावणे मात्र आवश्यक आहे. रुंद भिंगाने वाकवलेली कड मुळात सरळ नसेल तर तिच्यावर आखलेली रेषा काय सांगणार?

यंत्र रेषा सरळ करते, पण इमारत कशी दिसते ते त्याला कळत नाही. बारा मजल्यांची इमारत खालून टिपून तिच्या उभ्या रेषा शंभर टक्के समांतर केल्या की ती माथ्याशी फुगल्यासारखी आणि उंच ताणल्यासारखी भासते, कारण रस्त्यावरून पाहताना डोळ्यालाही थोडे निमुळतेपण अपेक्षित असते. मी दुरुस्ती किंचित अपुरी ठेवतो आणि ‘आस्पेक्ट’ स्लायडरने ताण कमी करतो. दुरुस्तीनंतर कडेची जागा कापली जाते, म्हणून चित्रणाच्या वेळीच भोवती मोकळी जागा सोडावी लागते. ही सवय लागेपर्यंत माझ्या दोन-तीन इमारतींच्या पाण्याच्या टाक्या अर्ध्या कापल्या गेल्या होत्या.

याच सोयीत एक खड्डा आहे आणि त्यात मी स्वतःच्या चुकीने पडलो. एका छायाचित्रातली दुरुस्ती इतरांवर उतरवताना ‘अपराइट मोड’ आणि ‘अपराइट ट्रान्सफॉर्म्स’ असे दोन पर्याय समोर येतात. पहिल्यात फक्त पद्धत उतरते आणि प्रत्येक छायाचित्राचे विश्लेषण नव्याने होते. दुसऱ्यात मूळ छायाचित्राची नेमकी दुरुस्ती जशीच्या तशी लागू होते, जी एकाच ट्रायपॉडवरून घेतलेल्या चौकटींसाठी योग्य आणि इतर सर्वांसाठी घातक असते. शुक्रवारी रात्री मी दिवाणखान्याची दुरुस्ती, दुसरा पर्याय निवडून, स्वयंपाकघराच्या सहा छायाचित्रांवर उतरवली. दिवाणखाना टिपताना कॅमेरा वर कललेला होता, स्वयंपाकघरात तो अगदी समतल होता. परिणामी सरळ असलेल्या भिंती बाहेर फाकल्या. शनिवारी सकाळी नमुन्यादाखल पाठवलेली छायाचित्रे पाहून आर्किटेक्ट मॅडमचा फोन आला : “अहो, आमचा ओटा घसरणार आहे का?” सहा छायाचित्रे पुन्हा सरळ करण्यात पाऊण तास गेला.

रंगाचे दुखणे रेषांपेक्षा चिवट असते. सॅम्पल फ्लॅटमध्ये छताच्या खाचेत ३००० केल्विनच्या पिवळसर पट्ट्या, स्वयंपाकघरात ६५०० केल्विनचे पांढरेफेक दिवे आणि खिडकीतून ऊन, असा तिरंगी प्रकाश असतो आणि एकच भिंत तीन ठिकाणी तीन रंगांची दिसते. संपूर्ण चित्राचा व्हाइट बॅलन्स (पांढरे पांढरेच दिसावे यासाठीचा रंगांचा तोल) कितीही फिरवला तरी एक बाजू सुधारताना दुसरी बिघडते. इथे २०२१ पासून मिळालेली नवी मास्किंगची (चित्राचा ठरावीक भागच निवडून सुधारण्याची) रचना उपयोगी पडते : खिडकीकडचा उजळ भाग ल्युमिनन्स रेंजने वेगळा काढायचा, ओट्याकडचा निळसरपणा ब्रशने निवडून तापमान वाढवायचे आणि २०२३ मध्ये आलेल्या ‘पॉइंट कलर’ने फक्त भिंतीचा तो विशिष्ट रंग पकडून जाग्यावर आणायचा. संचाच्या कामात महत्त्वाचा फरक असा, की आकाश किंवा मुख्य वस्तू ओळखणारे मास्क दुसऱ्या छायाचित्रावर उतरवले की तिथे नव्याने मोजले जातात, तर हाताने रंगवलेला ब्रशचा मास्क जिथल्या तिथे राहतो आणि दुसऱ्या चौकटीत भलत्याच जागी उमटतो. बाह्यदर्शनाची चौदा छायाचित्रे आकाशाच्या मास्कमुळे वीस मिनिटांत एकसारखी झाली. आतल्या खोल्यांना प्रत्येकी हात लावावाच लागला. झाडाच्या पानांशी आणि सज्जाच्या जाळीशी आकाशाचा मास्क अजूनही अडखळतो आणि कडेला फिकट प्रभावळ दिसते, त्यामुळे शंभर टक्के मोठे करून पाहिल्याखेरीज फाइल पुढे जाऊ देऊ नये. दिव्यांच्या लुकलुकण्याने भिंतीवर पडलेले पट्टे मात्र यातले काहीही समाधानकारक काढत नाही. आपल्याकडचा वीजप्रवाह ५० हर्ट्झचा असल्याने शटर १/५० सेकंदावर किंवा त्याहून संथ ठेवणे हाच उपाय आहे.

नाशिककरांसाठी एक वेगळी सूचना. काळा पाषाण या शहराच्या ओळखीचा भाग आहे. काळाराम मंदिर आणि सुंदरनारायण मंदिर याच दगडात उभे आहेत, आणि गंगापूर रोडवरच्या नव्या बंगल्यांच्या दर्शनी भिंतींनाही तोच दगड लावण्याची हौस दिसते. एचडीआर जोडणीच्या खिडकीतला ‘ऑटो सेटिंग्ज’ हा पर्याय सावल्या उचलतो आणि तो काळाभोर दगड सिमेंटसारखा राखाडी करून टाकतो. या इमारतीच्या प्रवेशद्वाराला असाच दगड असल्यामुळे तो पर्याय मी बंद ठेवला आणि ‘ब्लॅक्स’ (सर्वांत काळ्या छटा) हाताने खाली आणले. दगडाची टाकीची खूण दिसावी म्हणून ‘टेक्स्चर’ थोडे वाढवणे पुरते. ‘क्लॅरिटी’ वाढवली की दगड ओला झाल्यासारखा दिसतो.

नको असलेल्या वस्तू पुसण्याच्या बाबतीत सॉफ्टवेअरने आता इतकी मजल मारली आहे, की प्रश्न तंत्राचा राहिलेला नाही. २०२४ मध्ये आलेल्या ‘जनरेटिव्ह रिमूव्ह’ने उभी असलेली दुचाकी, सिमेंटची रिकामी पोती, कोपऱ्यातला झाडू या गोष्टी काही सेकंदांत जातात आणि मागची फरसबंदी विश्वसनीय दिसते. व्यावसायिकांनी मात्र इमारतीसमोरचा विजेचा खांब आणि शेजारच्या गच्चीवरचा मोबाइल टॉवरही काढायला सांगितला. मी नकार दिला. जे उद्या उचलले जाईल ते पुसण्यास माझी हरकत नाही, पण घर घेणाऱ्याला रोज पाहावे लागेल ते मी पुसत नाही. हा केवळ माझा सोवळेपणा नाही : स्थावर संपदा अधिनियम, २०१६ च्या कलम १२ नुसार जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरणाऱ्याचे नुकसान झाल्यास प्रवर्तकाला, म्हणजे बांधकाम व्यावसायिकाला, भरपाई द्यावी लागते. हे सांगितल्यावर खांबाचा आग्रह तिथेच थांबला. आकाश बदलण्याची सोय फोटोशॉपमध्ये २०२० पासून आहे, पण काचेच्या दर्शनी भागात जुने ढगाळ आकाश तसेच राहते आणि वर निळे आकाश अंथरलेले असते. ही विसंगती पाहणाऱ्याला नेमकी सांगता आली नाही तरी खटकते, म्हणून काचा जास्त असतील तिथे मी ही सोय वापरत नाही.

घाईच्या दृष्टीने दोन सोयी जपून वापराव्या लागतात. ‘जनरेटिव्ह रिमूव्ह’चे काम अ‍ॅडोबीच्या सर्व्हरवर होते, म्हणजे इंटरनेट गेले की ते थांबते. याउलट २०२३ पासूनचे ‘डीनॉइज’ (रवाळपणा काढणारी सोय) आपल्याच संगणकावर, ग्राफिक्स कार्डाच्या बळावर चालते आणि कार्ड जुने असेल तर एकेका फाइलला मिनिटे लागतात. त्यामुळे संध्याकाळची सहा छायाचित्रे वगळता मी ते कुठेही लावले नाही. ट्रायपॉडवर आयएसओ १०० ने टिपलेल्या चित्राला त्याची गरजही नसते.

कामाची विभागणी ही या सॉफ्टवेअरची खरी मर्यादा आहे. कॅटलॉग (छायाचित्रांची आणि त्यांवरच्या दुरुस्त्यांची नोंदवही) एका वेळी एकाच माणसाला उघडता येतो आणि तो नेटवर्कवरच्या सामायिक जागेत ठेवताही येत नाही. माझी सहायक सिडकोतल्या आपल्या घरून काम करते. तिला मी अर्ध्या छायाचित्रांचा वेगळा कॅटलॉग ‘स्मार्ट प्रिव्ह्यू’सह (मूळ फाइलींच्या लहान प्रतींसह) काढून दिला. स्मार्ट प्रिव्ह्यूची लांब बाजू २५६० पिक्सेलची असते, त्यामुळे सगळ्या मूळ फाइली न पाठवताही तिचे काम झाले आणि परत आलेला कॅटलॉग माझ्याकडे नीट मिसळला गेला. मात्र त्या लहान प्रतीवर पाहून केलेले शार्पनिंग मूळ फाइलवर वेगळे दिसते, म्हणून तेवढे मी माझ्याकडे ठेवले.

शेवटच्या तासात सर्वांत मदत झाली ती एकाच वेळी अनेक प्रकारांत निर्यात करण्याची. छपाईसाठी पूर्ण आकाराच्या टिफ फाइली, संकेतस्थळासाठी २०४८ पिक्सेलच्या आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाहण्यासाठी आकाराची मर्यादा घातलेल्या जेपेग, असे तीन प्रिसेट निवडून एकदाच आज्ञा दिली आणि अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तिन्ही फोल्डर तयार झाले. ब्रोशरच्या सीएमवायके (छपाईच्या चार शाईंच्या) फाइलींसाठी मात्र फोटोशॉपकडे जावे लागते. पडदा वाजवीपेक्षा उजळ ठेवून काम केले तर छापील काळा दगड पडद्यावरच्यापेक्षा गडद येतो, तेव्हा छपाईआधी पडद्याची उजळता उतरवून एकदा पाहून घ्यावे.

पाच महिन्यांनी, पाडव्याच्या आठवड्यात, त्याच कार्यालयातून फोन आला : मुंबई नाक्यावरच्या होर्डिंगसाठी प्रवेशद्वाराचे तेच छायाचित्र आडव्या आकारात हवे होते, तेही तासाभरात. कॅटलॉगमध्ये ते तत्काळ सापडले, मूळ काम अबाधित ठेवून त्याची ‘व्हर्च्युअल कॉपी’ केली, नवी चौकट आखली आणि पंधरा मिनिटांत पाठवली. विजेचा खांब त्यातही होता, आणि या वेळी त्याविषयी कोणी विचारले नाही.