मंगळवार पेठेतला बीजगणिताचा क्लास : हुशार पोरांसाठी भारी, घाईतल्या पालकांसाठी नाही

आधीच सांगतो, हा काय फ्लेक्स लावलेला क्लास नाही. कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या मागच्या बोळात एका निवृत्त मास्तरांच्या घरी, माडीवरच्या खोलीत भरतो. सरांनी नाव टाकू नका म्हणून सांगितलंय त्यामुळं देत नाही, तिकडं कुणालाबी बीजगणितवाले सर म्हणून विचारा, बोट दाखवत्यात. आमची पोरगी सातवीत आहे, मागच्या उन्हाळ्यापासून तिथं जाते. माझ्याकडनं पाचपैकी साडेचार, अर्धा कशाला कापला ते खाली येईलच.

ज्यांच्या घरात असलं पोरगं आहे त्यांना कळेल मी काय म्हणतोय. गणिताचं पुस्तक जूनला हातात येतं आणि गणपतीपर्यंत ही संपवून मोकळी, मग वर्षभर वर्गात वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढत बसायचं आणि बाईंनी लक्ष नाही म्हणून डायरीत लिहायचं. म्हणून आधी एका मोठ्या कोचिंगच्या फौंडेशन बॅचला घातलेलं, नाव नको. तिथं सगळं फास्ट, सातवीच्या पोरांना दहावीचं चालू, वर्गसमीकरणाचं सूत्र पोपटासारखं पाठ, टेस्टला पैकीच्या पैकी आणि महिन्याला पालकांच्या मोबाईलवर रंगीत रिपोर्ट. बघायला छान वाटायचं.

मग या सरांची प्रवेशाची चाचणी. चाचणी म्हंजे मार्क नाहीत, सातवीपासून दहावीपर्यंतची गणितं मिसळून दिलेली आणि सर शेजारी बसून नुसतं बघत असत्यात पोरगं कुठं अडतंय ते. त्यात एक साधं होतं, एक्स वर्ग बरोबर पाच एक्स. आमच्या बाईसाहेबांनी दोन्हीकडचा एक्स काटला आणि उत्तर लिहिलं ५, दोन सेकंदात. सर म्हणाले, "शून्य कुठं गेलं गं?" ती गप्प. शून्य घातलं तरी दोन्ही बाजू सारख्याच येतात की, पण एक्सनं भागताना तो शून्य नाही हे आपण न विचारताच धरून चाललो, आणि एक उत्तर पडलं. सूत्र पाठ असून ही गत. आमच्या उद्यमनगरच्या कारखान्यात नवीन पोरगं मशीनवर रफिंग, म्हंजे आधीचा जाडाभरडा कट, न करता डायरेक्ट शेवटचा फिनिश कट मारायला जातं तेव्हा हातातल्या जॉबचं जे वाटोळं होतं तेच हे.

चाचणीनंतर सरांनी कागदावर दोन रकाने केले, येतंय आणि येत नाही. येतंय त्यातलं एकबी परत शिकवलं नाही. आठवीची विस्तार सूत्रं सोडली, एकचल समीकरणं सोडली, नववीच्या बहुपदीतलं निम्मं सोडलं. अवयव मात्र पहिल्यापासून. मला हे जरा विचित्र वाटलेलं, पण नंतर वाचलं की अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली म्हणून प्राध्यापक होते त्यांनी १९७१ ला अशा पोरांसाठी काम सुरू केलं ते याच धर्तीवर. बारा-तेरा वर्षांच्या पोरांना ते कॉलेज प्रवेशाची एसएटी द्यायला लावायचे, कारण इयत्तेच्या पेपरात सगळी हुशार पोरं वरच्या टोकाला एकाच जागी येऊन अडकत्यात, खरा फरक अवघड पेपरातच दिसतो. आणि मग जे येत नाही तेवढंच शिकवायचं. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "बरं, मग बरोबरच चाललंय आपलं" आणि परत पेपर वाचायला लागले.

आता शिकवण्याचं. मी एकदा पाऊस होता म्हणून वरच थांबलो तेव्हा बघितलं. एक्स वर्ग अधिक १० एक्स बरोबर ३९, हे गणित ख्वारिज्मीचं आहे, बगदादचा गणिती, नवव्या शतकातला. सरांनी मिठाईच्या बॉक्सचा पुठ्ठा घेतला, एक चौरस कापला, बाजू एक्स. मग १० एक्सची पट्टी उभी मधोमध कापून पाच-पाचचे दोन तुकडे, एक चौरसाच्या उजव्या अंगाला, एक खाली. आता कोपऱ्यात एक चौकोनी भोक राहतंय, पाच बाय पाचचं. "किती कमी पडलं?" पोरं ओरडली पंचवीस. ३९ आणि २५ चौसष्ट, म्हंजे मोठ्या चौरसाची बाजू ८, त्यातनं ५ गेले, एक्स ३. पूर्ण वर्ग पद्धत मी शाळेत रट्टा मारून पास झालेलो, पूर्ण काय होतंय ते मला त्या दिवशी दिसलं, खरं सांगतो.

पण भारी पुढंच आहे. आमची पोरगी म्हणाली सर सूत्रानं उणे १३ पण येतंय, ते पुठ्ठ्यात कुठंय? दुसरा कोण असता तर हे आपल्याला नको म्हणून फळा पुसला असता. सरांनी उत्तरच दिलं नाही, पुढच्या वेळी भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'बीजगणित' ग्रंथातलं माकडांचं गणित टाकलं. कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातनं ३ वजा करा, जे राहील त्याचा वर्ग एवढी माकडं गुहेत गेली आणि एक फांदीवर दिसतंय, तर कळप केवढा? उत्तरं दोन येतात, ५० आणि ५. पन्नास सरळ आहे. ५ घेतलं तर पाचवा भाग १, त्यातनं ३ गेले की उणे २, त्याचा वर्ग ४, वर फांदीवरचं एक, झाले की ५, हिशोब जुळतोय. पण उणे दोन माकडं कशी असतील? भास्कराचार्यांनीसुद्धा लोकांना असलं पटत नाही म्हणून हे दुसरं उत्तर बाजूला ठेवलंय. यावर पोरांची अशी जुंपली की वेळ संपून काकू जेवायला हाक मारायला आल्या तरी कोण उठेना. घरी येताना गाडीवर मागं बसून माझं डोकं खाल्लं ते वेगळंच.

जिन्यापाशी एक छोटा फळा आहे, त्यावर एक गणित लिहिलेलं असतं, सुटेपर्यंत पुसत नाहीत. नारळीकरांच्या घरी बनारसला त्यांचे मोरूमामा असंच फळ्यावर गणित लिहून ठेवायचे भाच्यासाठी, सर म्हणतात तिथनंच उचललंय, आणि नारळीकरांचा जन्म इथलाच, १९३८ चा, त्यामुळं आपला हक्कच आहे त्यावर. मध्यंतरी होतं : विषम संख्येचा वर्ग करून १ वजा केला तर ८ नं भाग जातोच का? ८, २४, ४८, ८० असं पोरगीनं पानभर करून दाखवलं, सरांनी बघितलंच नाही. शेवटी विषम संख्या २ एन अधिक १ धरली तेव्हा ४ गुणिले एन गुणिले (एन अधिक १) आलं, आणि लागोपाठच्या दोन संख्यांतली एक समच असणार, संपला विषय. ते तिनं स्वतः काढलं, फोन करून मावशीला सांगितलं.

आता वेगाचं, कारण सगळे पालक तेच विचारत्यात. नववीची दोन चलांतील समीकरणं झाली, दहावीची वर्गसमीकरणं आणि अंकगणिती श्रेढी चालू आहे. अर्थनियोजन सरांनी सोडलं, म्हणाले जीएसटी तुझ्या पप्पांकडनं शिक, ते भरतात. कोचिंगवाल्यांपेक्षा यादी छोटीच दिसेल. पुढं आयओक्यूएमला, म्हंजे गणित ऑलिम्पियाडच्या पहिल्या परीक्षेला, बसायचंय, ती आठवीपासून देता येते, ३ तासांत ३० गणितं, तिथं नुसतं सूत्र पाठ असून काय उपयोग नाही.

अर्धा स्टार कापला तो असा. सराव कमी देतात, अवयव पाडायचा हात बसायला घरी ढीगभर करून घ्यावं लागतं, बालभारतीच्या साईटवर वरच्या इयत्तांची पुस्तकं फुकट आहेत ती आम्ही वापरतो. आणि सुट्टी असली की कळवत नाहीत, सरांकडं साधा फोन आहे, ग्रुप वगैरे काय नाही, जाऊन कुलूप बघून यायचं. शाळेच्या परीक्षेसाठी तर अजिबात घालू नका, पोरगीनं शाळेत तीन पायऱ्यांचं उत्तर एका ओळीत लिहिलं आणि मार्क गेले, सरांना सांगितलं तर म्हणाले पायऱ्या लिहायला काय जातंय तुझं, लिही की.

आणि पोराला स्वतःला नाद पाहिजे. शेजारच्यांनी बघून त्यांचा मुलगा घातला, चांगला हुशार आहे, पण त्याला उत्तर लगेच पाहिजे असतं, एकाच गणितावर तासभर बसायचा कंटाळा, गेला सोडून. त्यात त्याचंबी काय चुकलं नाही.

फी महिना बाराशे, रोख. एका वेळी सात-आठच पोरं, नवीन फक्त एप्रिल-मे मध्ये घेतात. चाचणीला वही-पेन्सिल न्या, कॅल्क्युलेटर चालत नाही. चारचाकी बोळात घालू नका, तिकटीलाच लावा. पालकांना वर बसू देत नाहीत, खाली कट्टा आहे, समोरच्या गाड्यावर चहा बरा असतो, भजी तेवढी घेऊ नका.