घिसाड्याचा विळा आणि त्याची गॅरंटी

आधी मालाचं सांगतो, बाकीचं ओघानं येईल.

सोयाबीन काढणीच्या पंधरा दिवस आधी मी दोन नवे विळे, एक कुऱ्हाड आणि घरातली विळी एवढं काम घिसाड्याकडं, म्हणजे गावोगाव फिरून लोहारकाम करणाऱ्याकडं दिलं. विळा दोनशेला एक, कुऱ्हाड पाजवायचे सत्तर, विळीचे पन्नास. दुकानात विळा सव्वाशेला मिळतो, चकचकीत, वर कंपनीचा शिक्का. मागच्या साली असले चार आणले होते. दुपार झाली की धार संपायची आणि कानस कुठं ठेवली म्हणून सगळं रान धुंडाळायचं. यंदा एक विळा मी धरला, एक आमच्या मंडळींनी. तीन बॅगा बियाण्याचं सोयाबीन, त्यातलं बरंचसं गुत्त्यानं, म्हणजे ठरीव रकमेवर कापायला दिलेलं. गुत्तेवाल्या बायांमधल्या एकीनं दुसऱ्या दिवशी माझ्या हातातला विळा घेतला तो संध्याकाळपर्यंत दिलाच नाही. मागितला तर म्हणे, "काका, तुमी बसा की सावलीला." कापलेल्या सोयाबीनची बनीम, म्हणजे गंजी लावून झाली तेव्हा विळ्याची धार अंगठ्यानं बघितली. एकदा कानस फिरवली की पुन्हा चालेल अशी होती.

मी हे डोळे झाकून सांगत नाही. माझी एकतीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपात गेली, निम्मी गाडीखाली. पाटा, म्हणजे गाडीखालची स्प्रिंगची पट्टी, तुटल्याचा आवाज मला झोपेतही ओळखू येतो. म्हणून भंगारातून गाडीच्या पाट्याचे दोन तुकडे मीच घेऊन गेलो होतो. त्यानं एकेक तुकडा ऐरणीच्या कडेला टांगता धरून हातोडी मारली आणि कान लावला. एक बाजूला टाकला. "ह्यो मेलेला हाय मामा." मी चष्मा लावून बघितलं, काही दिसेना. त्यानं ओल्या फडक्यानं पुसून उन्हात धरला तेव्हा केसाएवढी चीर दिसली. आमच्या डेपोत ही चीर शोधायला जॉब पुढं-मागं तीन जणांकडं फिरला असता.

काम बघण्यासारखं असतं. भात्याच्या जागी आता हातानं फिरवायचा पंखा आहे. तो फिरवायला दहा-अकरा वर्षांची पोरगी, अंगात कुठल्यातरी जिल्हा परिषद शाळेचा गणवेश. नवरा सांडशीनं लाल लोखंड धरतो, छोट्या हातोडीनं टिचकी मारून जागा दाखवतो आणि बायको त्याच जागी घण घालते. मध्ये एक शब्द नाही. डेपोत दोन माणसं एका कामाला लागली की आईमाई काढल्याशिवाय नट हलत नसे.

खरी कला पाणी द्यायची. आख्खा विळा पाण्यात बुडवला तर काचेसारखा होतो, दगडाला लागला की कपचा उडतो. ती बाई फक्त धारेची कड बुडवते, बोटभर, आणि लगेच बाहेर काढून विटेच्या तुकड्यानं दोनदा घासते. घासलेली जागा पांढरी चमकते. मग थांबायचं. पाठीत राहिलेली उष्णता हळूहळू धारेकडं सरकते आणि त्या पांढऱ्या जागेवर रंग चढतात: आधी गवतासारखा पिवळा, मग तांबूस, मग जांभळा. तांबूस आणि जांभळ्याच्या सांध्यावर तिनं विळा पुन्हा पाण्यात सोडला. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे फळ्यावर अंशांसकट शिकवलं होतं. तिच्याकडं अंश नाहीत, आणि ढगाळ दिवस असला की ती पाणी द्यायचं काम करतच नाही. रंग नीट दिसत नाही म्हणते. मला एकदा परत पाठवलं तेव्हा राग आला होता.

आता खोट. एका विळ्याची मूठ चौथ्या दिवशी हलायला लागली. लाकूड बाभळीचं पण ओलं होतं, वाळलं तसं सैल झालं. आणि विळीला पाणी जास्त झालं. जुनं पातळ पातं, त्याला पाट्यासारखं वागवलं. लाल भोपळा चिरताना टोकाशी गव्हाएवढा कपचा उडाला. घरात मला जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही. बिल नसतं, कार्ड नसतं. "बिघडलं तर घिऊन या मामा, फुकट करून देतो," एवढीच गॅरंटी.

विळी पिशवीत घालून गेलो तर जागा मोकळी. ऐरण रोवलेला खड्डा, राखेचा गोल, चार-दोन खुंट्या. ताडपत्रीची सात पालं होती, एक उरलं नव्हतं.

त्यांना उठवायच्या अर्जावर सतराव्या नंबरची सही माझी आहे.

झालं असं. आमची कॉलनी तालुक्याच्या गावात, लातूरपासून बसनं तासाभरावर. ले-आऊट मंजूर करताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते, तशी आमचीही ओपन स्पेस आहे. बाग होणार म्हणून मी प्लॉट घेतला. पोरं शिकून नोकरीला लागली तरी बाग आली नाही, वेडी बाभूळ आली. पोळ्यानंतर चार दिवसांनी एक जुना पिकअप आणि दोन मोटारसायकली आल्या, बाभळी तोडून पालं पडली. पहाटे साडेपाचला घणाचा आवाज. पोरं कडेला बसायची, तो वास वाऱ्यानं आमच्या ओट्यावर. हे खोटं नव्हतं. बाजारातल्या सार्वजनिक संडासाला कुलूप असतं हेही खोटं नाही. पण अर्जात ते कुणी लिहिलं नाही. पहिल्या आठवड्यात अर्ज फिरला, मी झोपमोडीच्या रागात सही केली. तेव्हा मी त्यांचा गिऱ्हाईक नव्हतो.

मग कॉलनीच्या मोबाईल ग्रुपवर सुरू झालं. कुणीतरी विहिरीवरच्या मोटारीची केबल गेल्याचं लिहिलं. ती केबल आखाडात गेली होती, हे लोक पोळ्यानंतर आले. दुसऱ्यानं पोरं पळवणाऱ्या टोळीचा फिरता मेसेज टाकला. तेव्हा मात्र मी लिहिलं, की १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात असल्याच अफवेवर भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावानं ठार मारलं, जरा जपून. एक अंगठा आला आणि खाली फुलांचं सुप्रभात. पालावरच्या लोकांनी आल्या दिवशी पोलीस ठाण्यात मुसाफिरीची, म्हणजे बाहेरून येऊन उतरल्याची नोंद केली होती. आपल्यातले किती जण भाडेकरूची नोंद करतात?

नोटीस आली तेव्हा माझे विळे तयार होते, मी न्यायलाच गेलो होतो. बाईनं कागद पुढं केला. "मामा, काय लिवलंय बघा की." मी उभ्यानं वाचायला लागलो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६, कलम ५५, तात्पुरत्या स्वरूपाचे अनधिकृत बांधकाम, आदेश मिळाल्यापासून पंधरा दिवसांत काढून घ्यावे. आणि वरच, "परिसरातील नागरिकांच्या तक्रारीवरून". तेवढी ओळ मी जरा भरभर वाचली. पंधरा दिवस आहेत म्हणून सांगितलं. ती म्हणाली, कागद देणारा तर म्हणाला परवा जेसीबी येणार. कागदावर पंधरा दिवस, तोंडी परवा. ते चौथ्या दिवशी गेले. त्या दिवशी मी रानात होतो, त्यांच्याच विळ्यानं सोयाबीन कापत.

त्याच ओपन स्पेसच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात एकाची तीन पक्की दुकानं आहेत, स्लॅबची. त्यालाही मागं नोटीस आली होती, पण पक्क्या बांधकामाला कलम ५३. त्यात बांधकाम कायम ठेवायची परवानगी मागता येते, त्यानं मागितली, आणि फाईल निवांत आहे. भाडं चालू आहे. पाल म्हणजे चार खुंट्या आणि ताडपत्री, त्याला कायम ठेवायचं काय मागणार? अतिक्रमण करायचं तर सिमेंटमध्ये करावं. भाचा वकिली करतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पाडापाडीआधी पंधरा दिवसांची नोटीस सक्तीची केली, पण रस्ता, फूटपाथ, रेल्वेलाईन किंवा नदीलगतची जागा अशा सार्वजनिक ठिकाणच्या अनधिकृत बांधकामाला ते संरक्षण नाही. मी म्हटलं, मग पालं दुसरीकडं पडतात तरी कुठं?

कुठंतरी घर का बांधत नाहीत, हा ग्रुपवरचा दुसरा प्रश्न. तो मीही विचारला होता. घिसाड्यानं पिकअपच्या सीटखालून खताच्या गोणीत गुंडाळलेले कागद काढले. आधार दुसऱ्या जिल्ह्यातल्या गावचं, कारण तिथं भावकी आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजनेचा अर्ज. तीत भटक्या-विमुक्तांच्या कुटुंबाला पाच गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचं घर मिळतं. त्याला जातीचा दाखला लागतो, आणि दाखल्याला २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीपासून महाराष्ट्रात राहात असल्याचा पुरावा. "त्या साली आज्जा कुठं व्हता ते आज्ज्यालाच ठाव," तो म्हणाला. घिसाडी ही जमात सरकारी यादीत भटक्या जमाती ब मध्ये आहे. म्हणजे भटके म्हणून सवलत, आणि ती घ्यायची तर आजोबा एका जागी होते याचा कागद आणायचा. मी एसटीत पेन्शनच्या कागदांसाठी चौदा महिने हेलपाटे घातलेला माणूस आहे, माझ्याकडं घराचा पत्ता होता तरी.

विळीचं राहिलं. घिसाड्याचा फोन नंबर कुऱ्हाडीच्या दांड्यावर खडूनं लिहून घेतला होता, पुसट झाला होता, दोन चुकीचे लागले, तिसरा लागला. मोटारसायकलवर पाऊण तास. ओढ्याच्या काठाला चारच पालं, बाकीची तीन पुढं गेलेली. बाईनं विळी बघितली, कपचा नखानं चाचपला आणि नवऱ्याकडं बघून त्यांच्या बोलीत काहीतरी म्हणाली, तो हसला. मला म्हणाली, "माझी चूक झाली मामा, जुनं पातं व्हतं." पातं पुन्हा तापवून टोक मागं ओढलं, नुसतं कडेला पाणी दिलं. विळ्याच्या मुठीत लोखंडी पाचर ठोकली. पैसे घेतले नाहीत. गॅरंटी पाळली म्हणायची. सहीचं मी काही बोललो नाही. चहा घेतला आणि निघालो. विळीनं आता भोपळा नीट चिरतो, घरात शांतता आहे.

कामाला पाचपैकी साडेचार गुण. अर्धा ओल्या लाकडाचा कापला. कुणाला जायचं असेल तर: पाटा स्वतःचा न्या, विळ्याला पन्नास रुपये कमी घेतात. ऊन असेल त्याच दिवशी, सकाळी दहाच्या आत. घरातली विळी, कात्री असली पातळ वस्तू असेल तर हातात देतानाच सांगा. नवी मूठ वाळलेल्या लाकडाची मागा. मार्गशीर्षात ते माळेगावच्या यात्रेला जाणार आहेत, लोहा तालुक्यातल्या, म्हणजे तोवरच.

ओढा कुठल्या गावचा ते इथं लिहीत नाही. आमच्या कॉलनीतलेही हे वाचतात. मी शनिवारी जातोच आहे, कुऱ्हाडीला नवा दांडा बसवायचाय. कुणाचं काही पाजवायचं असेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत माझ्या ओट्यावर आणून ठेवा, वर नाव लिहून.