कारागिरांना विकलेला खोटा चोरीविमा

सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी आणि गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पारंपरिक खेळायचे पत्ते, तयार करणाऱ्या आमच्या कुटुंबाची गेल्या हंगामात चोरीविम्याच्या नावाखाली फसवणूक झाली. पावसाळा संपताना एक गृहस्थ एका नामांकित विमा कंपनीचे ओळखपत्र दाखवून घरी आले. एकाच हप्त्यात कारखाना, प्रदर्शनातील स्टॉल आणि वाटेतला माल या तिन्ही ठिकाणच्या चोरीची भरपाई मिळेल, असे त्यांनी सांगितले. वडिलांनी पैसे भरले ते मात्र कंपनीच्या नव्हे, तर त्या गृहस्थांनी दिलेल्या वैयक्तिक खात्यावर, आणि त्याबदल्यात एक शिक्का मारलेले ‘सुरक्षा प्रमाणपत्र’ हाती आले.

पुढे एका प्रदर्शनात आमच्या स्टॉलवरून हाताने रंगवलेला दशावतारी गंजिफांचा संच पेटीसकट चोरीला गेला. १२० पाने, प्रत्येकावर वेगळे चित्र. त्यामागची कित्येक आठवड्यांची मेहनत कोणत्याही पावतीवर दिसत नाही. दाव्यासाठी फोन लावला तर तो बंद, आणि कंपनीच्या शाखेत चौकशी केली तेव्हा तो पॉलिसी क्रमांक त्यांच्या नोंदीतच नसल्याचे कळले.

विमा कायदा, १९३८ च्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता विमा कंपनीला आगाऊ मिळाल्याशिवाय ती जोखीम स्वीकारू शकत नाही, त्यामुळे आमचा विमा मुळात सुरूच झाला नव्हता. विमा लोकपालांकडे जावे तर ते विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकतात. इथे कंपनीशी करारच झालेला नसल्याने ती वाटही आम्हाला बंद होती, आणि मला सर्वांत जास्त संताप याचाच येतो.

त्या कागदावर यूआयएन, म्हणजे नियामकाकडे नोंदलेल्या विमा योजनेचा क्रमांक, कुठेच नव्हता. पैसे देण्याआधी तो मागावा, रक्कम थेट कंपनीच्या नावे भरावी आणि पॉलिसी हाती येताच शाखेत जाऊन ती पडताळून घ्यावी. शंका आल्यास विमा नियामकाचा १५५२५५ हा क्रमांक आहे. ऑनलाइन पैसे गेले असतील तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर कळवावे.

खऱ्या पॉलिसीचेही कलम वाचून घ्यावे, कारण नेहमीच्या घरफोडी विम्यात कुलूप तोडणे, कौले काढणे अशा बळजबरीच्या प्रवेशाच्या खुणा लागतात. गिऱ्हाइकांच्या गर्दीत स्टॉलवरून वस्तू उचलली गेली तर त्यात भरपाई सहसा मिळत नाही. प्रदर्शन आणि वाहतूक यांचे संरक्षण वेगळे लिहून घ्यावे लागते. प्रत्येक वस्तूचा फोटो आणि खर्चाची नोंदही कारखान्याबाहेर ठेवावी.

आम्ही पोलिसांकडे तक्रार दिली आहे. कुडाळ, वेंगुर्ले किंवा मालवणकडे कोणाला असे प्रमाणपत्र मिळाले असेल, तर त्यांनीही ते जपून ठेवून जवळच्या ठाण्यात लेखी तक्रार नोंदवावी, म्हणजे त्या बँक खात्यात आणखी कोणाकोणाचे पैसे गेले, हे शोधणे पोलिसांना सोपे जाईल.