काइटसर्फिंगची सेफ्टी लीश: आखूड घ्यावी की लांब, आणि लावावी कुठे

सेफ्टी लीश म्हणजे काइटला रायडरच्या हार्नेसशी, म्हणजे कमरेच्या पट्ट्याशी, जोडून ठेवणारा ताणला जाणारा पट्टा. निकाल आधीच सांगून टाकू. हार्नेसच्या हुकमध्ये राहून उड्या, रोल (हवेत अंगाची गिरकी) आणि काइटलूप (काइटला हवेत पूर्ण गोल फिरवणं) करणाऱ्याने आखूड लीशच घ्यावी. लांब, म्हणजे हँडल-पास लीश, लागते ती फक्त चिकन लूप (काइट चालवायच्या दांड्याखालची, म्हणजे बारखालची, हार्नेसच्या हुकमध्ये अडकवायची गोल कडी) हुकमधून काढून ट्रिक्स करणाऱ्याला. दोन्हींचा कस मात्र एकाच जागी लागतो: पूर्ण ताण आलेला असताना, कुठल्याही एका हाताने, न बघता तिचा रिलीज, म्हणजे झटकन सोडवायची कळ, उघडतो का? उघडत नसेल तर शिवण कितीही देखणी असो, ती लीश घेऊ नये.

चिकन लूपचा क्विक रिलीज ढकलला की लूप उघडतो, बार लाइन्सवरून (काइटच्या दोऱ्यांवरून) वर सरकत जातो आणि काइट एकाच लाइनवर, बहुतेक बारमध्ये एका फ्रंट लाइनवर, लटकतो. मग त्याचा आकार टिकत नाही आणि तो झेंड्यासारखा फडफडत खाली येतो. यालाच काइट फ्लॅग होणं म्हणतात. ती एक लाइन आपल्या हार्नेसशी जोडून ठेवते ती लीश. काइटची ओढ संपते, पण काइट हातचा जात नाही. लीशला स्वतःचा वेगळा रिलीज दिलेला असतो तो त्यापुढच्या पायरीसाठी, म्हणजे एवढं करूनही काइट ओढतच राहिला तर त्याला पूर्ण सोडून देण्यासाठी. आधी बार सोडायचा, मग चिकन लूप उघडायचा, मग लीश. हा क्रम हाताला सवयीचा हवा. या रिलीज यंत्रणांसाठी २०२० सालचं आयएसओ २१८५३ हे मानक आहे. नवी लीश घेताना माहितीपत्रकात त्याचा उल्लेख शोधावा.

आखूड लीशमध्ये बिघडण्यासारखं फार काही नसतं. एका टोकाला रिलीज, मध्ये इलॅस्टिक भरलेला पट्टा, दुसऱ्या टोकाला बारच्या सेफ्टी लाइनच्या, म्हणजे वर सांगितलेल्या त्या एका लाइनच्या, कडीत अडकवायची हुक. तरीही किनाऱ्यावर सगळ्यांत जास्त दिसणारी चूक याच साध्या लीशची असते: ती उलटी लावलेली असते. रिलीजचं टोक हार्नेसकडे हवं, हुकचं टोक बारकडे. उलटं लावलं की जमिनीवर काही फरक कळत नाही, कारण लीश सैल असते आणि रिलीज पोटाशीच लोंबत असतो. पण काइट फ्लॅग झाला की लीश ताणून लांब होते आणि रिलीज हातभर पुढे निघून जातो. काइट ओढतोय, पाणी तोंडावर येतंय आणि रिलीजची लाल मूठ बोटांच्या जरा पलीकडे, अशा वेळी ती उघडणं जवळपास अशक्य असतं. म्हणून लावल्यावर लीश हाताने पूर्ण ताणून पाहावी. ताणलेल्या अवस्थेतही रिलीज हार्नेसला चिकटून राहिला पाहिजे.

हार्नेसवर कुठे लावायची याचंही उत्तर सोपं आहे: स्प्रेडर बारच्या (हार्नेसच्या पुढच्या, हुक असलेल्या पट्टीच्या) बाजूची किंवा हार्नेसच्या अंगची, भार घेण्यासाठीच दिलेली कडी. पाठीमागे पकडायला असलेली मूठ, बोर्ड अडकवायची हुक, चाकूची खोबण यांपैकी कशालाही नाही. काइट फ्लॅग होताना बसणारा झटका तिथली शिवण उसवू शकतो.

आखूड लीश लावून अनहुक केलं, म्हणजे चिकन लूप हुकमधून काढला, तर काय होतं? लीश बारच्या सेफ्टी लाइनला जोडलेली असते. हुकमध्ये असताना चिकन लूप पोटाशी असतो, त्यामुळे बार कितीही आत-बाहेर केला तरी ती सैलच राहते. अनहुक केल्यावर मात्र चिकन लूप बारबरोबर हातभर वर जातो. लीश तेवढी पुरत नाही, सेफ्टी लाइन खेचली जाते आणि काइट उडीच्या मध्येच फ्लॅग व्हायला लागतो. हा लीशचा दोष नव्हे. तिला त्या कामासाठी बनवलेलंच नाही.

इथून लांब लीशचा प्रश्न सुरू होतो. हँडल पासमध्ये बार पाठीमागून एका हातातून दुसऱ्या हातात जातो, म्हणून ही लीश हार्नेसच्या मागच्या कडीला किंवा मागच्या बाजूच्या सरकत्या दोरीला लावतात. किती लांब हवी हे छापील आकड्यावरून ठरवू नये, अंगावर लावून पाहावं. हार्नेस घालून, काइट न जोडता, अनहुक करा. बार दोन्ही हातांनी डोक्यावर पूर्ण वर न्या, मग एका हाताने अंगापासून लांब धरा, मग पाठीमागून दुसऱ्या हातात घ्या. दोन्ही बाजूंनी करा. कुठेही सेफ्टी लाइन खेचली गेली तर लीश आखूड पडते. आणि हुकमध्ये उभं असताना ती गुडघ्याखाली लोंबत असेल तर जास्त लांब आहे. मग ती पाण्यात पायात येणार, बारच्या टोकाला अडकणार. इलॅस्टिक ढिलं पडलेली जुनी लीश लांबीला बरोबर असूनही अशीच लोंबते.

लांब लीशची खरी अडचण हात पोचण्याची आहे. पाठीमागे लावलेल्या लीशवर काइट फ्लॅग झाला की ओढ मागून येते, अंग फिरतं आणि पाठ काइटकडे होते. रिलीज तेव्हा कमरेच्या मागे असतो. जाड वेटसूट, वर इम्पॅक्ट व्हेस्ट (आपटण्यापासून वाचवणारं जाकीट) आणि हातमोजे असले की किनाऱ्यावर सहज पोचणारा हात तिथे पोचत नाही. म्हणून चाचणी पूर्ण पोशाखात घ्यावी: लीशचं बारकडचं टोक भक्कम खांबाला अडकवायचं, पाठ खांबाकडे करून पुढे झुकून सगळं वजन लीशवर टाकायचं, डोळे मिटून आधी उजव्या आणि मग डाव्या हाताने रिलीज उघडायचा. समोर मऊ वाळू असू द्या, कारण उघडल्यावर पुढे पडायला होतं. हीच चाचणी लीश सैल ठेवूनही करावी. काही रिलीज ताणाखाली छान उघडतात, पण ताण नसला की पिन किंवा लूप आतच अडकून राहतो आणि पुढच्या झटक्याला काय होईल सांगता येत नाही. या दोहोंपैकी कुठल्याही एका चाचणीत नापास होणारी लीश परत करावी, मग ती कितीही महाग असो.

सुसाइड मोडबद्दल इथे मत स्पष्ट आहे: फार थोड्यांनी वापरावा. यात लीश सेफ्टी लाइनच्या कडीऐवजी चिकन लूपला लावतात. अनहुक असताना बार हातातून सुटला तरी काइट फ्लॅग होत नाही, ताकद कमी होऊन उडत राहतो आणि बार पुन्हा पकडता येतो. ट्रिक्सच्या सरावात प्रत्येक चुकीनंतर लाइन्स सोडवत बसावं लागत नाही, हा फायदा खरा आहे. किंमत अशी की बहुतेक बारवर काइट फ्लॅग करण्याची मधली पायरीच नाहीशी होते. उरतो तो फक्त लीशचा रिलीज, आणि तो उघडला की काइट बार आणि लाइन्ससकट वाऱ्याच्या दिशेने मोकळा सुटतो. त्या बाजूला पोहणारी माणसं, दुसरे रायडर किंवा रस्ता असेल तर हा मोड लावूच नये. आपल्या बारवर नेमकी कुठली कडी कशासाठी आहे हे बारच्या माहितीपत्रकातच पाहावं. दिसायला सारख्या दोन कड्या वेगळं काम करतात.

रोल करणाऱ्यांसाठी एक तपशील लीशच्या बाहेरचा, पण लीशइतकाच महत्त्वाचा. एकाच दिशेने रोल मारत गेलं की फ्रंट लाइन्स बारच्या वर एकमेकींभोवती पिळल्या जातात. थोडा पीळ चालतो. घट्ट पीळ बसला की सेफ्टी लाइन त्यातून धावत नाही, चिकन लूप उघडूनही काइट अर्धवट फ्लॅग होतो आणि कधी कधी गोल गोल फिरत ओढत राहतो. स्विव्हल, म्हणजे लाइन्सना लावलेलं फिरतं टोक, हाताने फिरवून पीळ वरचेवर काढावा. स्विव्हलमध्ये मीठ साचून ते जाम झालेलं असेल तर आधी गोड्या पाण्यात भिजवावं. लीशच्या हुकला स्वतःचं फिरतं टोक असणं याच कारणासाठी चांगलं. नाहीतर लीश चिकन लूपभोवती गुंडाळत जाते.

काइट पूर्ण सोडायचा कधी, हेही आधीच ठरलेलं असावं. दुसऱ्या रायडरच्या लाइन्समध्ये आपला काइट गुंतला, बारच्या टोकाला लाइनचा वेढा पडून काइट फिरत राहिला, किंवा फ्लॅग झालेला काइट लाटांत भरून खडकांकडे ओढू लागला, तर लीश उघडायचीच. हाताने लाइन धरायचा प्रयत्न करू नये, बोटं कापली जातात.

बोर्डची लीश ही वेगळी वस्तू आहे आणि तिची इथे शिफारस नाही. ताणलेली लीश बोर्डला परत डोक्याकडे फेकते. बॉडी ड्रॅग करून, म्हणजे काइटच्या ओढीने पाण्यातून अंग सरकवत, बोर्डपर्यंत जाणं शिकावं.

देखभालीत वेळ जातो तो रिलीजवर. प्रत्येक वेळी गोड्या पाण्यात बुडवून तो पाण्याखालीच पाच-सहा वेळा उघडायचा, बंद करायचा, म्हणजे आतली वाळू निघते. ग्रीस किंवा तेल लावू नये, वाळू त्यालाच चिकटते. वाळवायची ती सावलीत. महिन्यातून एकदा लीश पूर्ण ताणून पट्टा उजेडात बघावा. भार बाहेरचा पट्टा घेतो, इलॅस्टिक फक्त त्याला आखडून ठेवतं. आणि पट्टा झिजतो तो चुण्यांच्या आत, जिथे लीश सैल असताना काहीच दिसत नाही. तिथे धागे सुटलेले दिसले, शिवण उसवलेली दिसली किंवा हुकची स्प्रिंग गंजून आळसावली असेल, तर दुरुस्ती करत बसू नये, नवी घ्यावी.